तीन मिलिमीटरांचा हिशेब

पेण आणि नागोठणे या दोन स्थानकांच्या दरम्यान, रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आणि मुंबई–गोवा महामार्गाच्या काठाला वसलेल्या कासू या गावी हिम पडण्याचा संभव नाही. तरीही हिमवर्षावात विमानतळ सुरक्षितपणे कसा चालू ठेवतात या प्रश्नाचा विचार कोणी कासूच्या ओटीवर बसून करू लागला, तर त्यास अप्रस्तुत म्हणण्याचे कारण नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एक तर या टापूतल्या पुष्कळ घरांची मुले आणि सुना आता न्यूअर्क, टोरांटो किंवा फ्रँकफुर्ट येथे नांदत आहेत आणि दर हिवाळ्यात ‘विमान चार तास उशिरा सुटले, सुटण्यापूर्वी पंखांवर कसलेसे नारिंगी पाणी मारीत होते’ अशा मजकुराचे निरोप येथल्या वडीलधाऱ्यांना येतात, परंतु त्या नारिंगी पाण्याचा खुलासा निरोप पाठविणाऱ्यालाही करता येत नाही. दुसरे असे की, याच रायगड जिल्ह्यात, महामार्गाची मर्जी असेल तर कासूहून अगदी सुखाने गाठता येईल अशा अंतरावर, नवी मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला असून २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने ये-जा करू लागली आहेत. आणि तिसरे कारण, जे या लेखाचे खरे प्रयोजन आहे, ते असे की, धावपट्टीच्या निसरडेपणाची जी प्रतवारी आज जगभर मान्य झालेली आहे, तिच्यात कोकणच्या पावसात साचणाऱ्या पाण्याचे स्थान उत्तर ध्रुवाकडील घट्ट दाबल्या गेलेल्या हिमाच्याही खाली आहे.

विमानाला हिमाचा पहिला उपद्रव धावपट्टीवर नव्हे, तर पंखावर होतो. पंखाची पाठ गुळगुळीत ठेवलेली असते ती शोभेसाठी नव्हे. तिच्यावरून हवेचा प्रवाह न तुटता वाहत गेला तरच विमानाला अंतराळात धरून ठेवणारी उचल निर्माण होते, आणि त्या पाठीवर गोठलेल्या दहिवराचा नुसता सँडपेपरइतका खरखरीत थर बसला तरी ती उचल ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते व हवेचा अडथळा ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. म्हणून पंख, शेपटी आणि सुकाणूचे भाग पूर्णपणे स्वच्छ असल्याची खातरजमा झाल्याखेरीज विमान उडवावयाचे नाही, असा दंडक आहे, आणि हा दंडक फार महागात पडून शिकावा लागलेला आहे. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनच्या विमानतळावरून एअर फ्लोरिडा कंपनीचे बोइंग ७३७ विमान भर हिमवर्षावात उडाले, तेव्हा त्याच्या पंखांवरचे बर्फ एकदा काढलेले होते, परंतु त्यानंतर रांगेत पाऊण तासाहून अधिक काळ ते उभे राहिले आणि नवे हिम पंखांवर साचत गेले. शिवाय इंजिनांना उष्णता देणारी यंत्रणा सुरू केलेली नसल्यामुळे इंजिनातील दाब मोजणाऱ्या नळ्या गोठल्या, व प्रत्यक्षात इंजिने कमी जोर लावीत असता वैमानिकांसमोरचे काटे पुरेसा जोर दाखवीत राहिले. विमान पोटोमॅक नदीवरील पुलावर आदळून नदीत पडले. पुलावरील चौघे धरून ७८ माणसे मृत्युमुखी पडली.

नारिंगी पाण्याचा अर्थ या प्रसंगाच्या उजेडात लागतो. ते ग्लायकॉल आणि पाणी यांचे तापविलेले मिश्रण असून त्याचे काम पंखावरचे बर्फ वितळवून धुऊन काढणे एवढेच आहे. ते पातळ असल्यामुळे थोड्याच वेळात ओघळून जाते आणि पुढे पडणाऱ्या हिमापासून त्याने पंखाचा फारसा बचाव होत नाही. म्हणून हिम चालूच असेल तर त्यावर दुसरा, हिरव्या रंगाचा, थंड आणि दाट द्रव फवारतात. हा द्रव पंखावर पातळ पापुद्र्यासारखा बसून राहतो, वरून पडणारे हिम स्वतःत विरघळवून घेतो, आणि विमान धावू लागले की वाऱ्याच्या जोराने आपोआप ओसरून पंख मोकळा करतो. रंग दिलेले आहेत ते कोणता द्रव कोठे पडला हे कामगाराला दुरूनही दिसावे म्हणून. या दुसऱ्या द्रवालाही मुदत असते: हवेचे तापमान किती, हिम पडते आहे की गोठणारा पाऊस, त्याचा जोर किती, यांवरून तयार केलेल्या कोष्टकांत ही मुदत दिलेली असते, आणि तिची मोजणी फवारणी संपल्यापासून नव्हे, तर शेवटची फवारणी सुरू झाल्यापासून करावयाची असते, कारण फवारणी चालू असतानाच पहिल्या पंखावर नवे हिम पडू लागलेले असते. मुदत टळली आणि विमान अजून रांगेतच असले, तर पंखांची नव्याने पाहणी करावी लागते, आणि पुष्कळदा पुन्हा फवारणीच्या जागी परतून सारा विधी पहिल्यापासून करावा लागतो. वॉशिंग्टनला त्या दिवशी नेमकी याच बाबतीत कुचराई झाली. परदेशातून येणाऱ्या निरोपातले ते चार तास बहुधा अशा फेऱ्यांतच गेलेले असतात, आणि ते सत्कारणी लागले असे समजावे.

आता धावपट्टीकडे वळू. नवी मुंबईची धावपट्टी ३,७०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद आहे, म्हणजे तिचे क्षेत्रफळ बावीस हेक्टरांहून अधिक, आपल्या हिशेबाने सुमारे पंचावन्न एकर भरते. एवढ्या पृष्ठावर दहा सेंटिमीटर ताजे हिम पडले, तर त्याचे वजन, हिमाची घनता पाण्याच्या दशांश धरता, सुमारे २,२०० टन होईल. आणि विमाने एकामागून एक आकाशात घिरट्या घालीत असता हे ओझे थोडक्या मिनिटांत दूर करावयाचे असते. उत्तरेकडील मोठ्या विमानतळांवर त्यासाठी वाहनांचे तांडे तैनात असतात. पुढे रुंद पात्याची, हिम बाजूला लोटणारी वाहने तिरप्या ओळीत, एकाच्या पात्याने लोटलेले हिम मागच्याने आणखी पुढे सारावे अशा बेताने धावतात. त्यांच्याच मागे जोडलेले पोलादी तारांचे फिरते ब्रश फरसबंदी घासून काढतात आणि जोराच्या वाऱ्याचा झोत उरलेला भुगा उडवून लावतो. शेवटी धावपट्टीच्या कडेला जमलेला ढीग शोषून दूरवर फेकणारी यंत्रे येतात. कडेच्या दिव्यांवर हिमाचा बांध उभा राहता कामा नये, आणि मोठ्या विमानांची इंजिने ज्या उंचीवर लोंबत असतात त्या उंचीपर्यंत तो वाढता कामा नये, इतका बारीक बंदोबस्त या कामात पाहावा लागतो. नॉर्वेतील ओस्लोच्या विमानतळावर तर हे गोळा केलेले हिम साठवून उन्हाळ्यात इमारत थंड ठेवण्यासाठी वापरण्याची तजवीज केलेली आहे. काटकसरीचे हे उदाहरण आम्हांस फार आवडते.

येथे पेण तालुक्यातील वाचकाच्या मनात एक रास्त शंका येईल. ज्या मुलखात खाजणातून मिठागरे होती आणि मिठाचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तेथे कोणीही विचारील की, मीठ टाकल्याने बर्फ वितळते हे ठाऊक असता एवढी यातायात कशासाठी? युरोप-अमेरिकेच्या रस्त्यांवर मीठ टाकतातच. परंतु विमान ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे बनलेले असते व मीठ त्या धातूला खाते, म्हणून धावपट्टीवर मिठास मज्जाव आहे. त्याच्या जागी पूर्वी युरिया वापरीत असत, तोच युरिया जो आपल्या भातखाचरांत पडतो. परंतु तो वाहून ओढ्यांत गेला म्हणजे त्यातून होणारा अमोनिया माशांच्या जिवावर उठतो, आणि कडाक्याच्या थंडीत तो निकामीही ठरतो. आता पोटॅशियम ॲसिटेट आणि पोटॅशियम किंवा सोडियम फॉर्मेट हे क्षार प्रचारात आहेत. तेही निर्दोष नाहीत: आधुनिक विमानांच्या कार्बनच्या ब्रेकवर हे क्षार बसले की ब्रेक तापल्यावर त्या कार्बनचे ज्वलन लवकर होते आणि ब्रेकची तबके अकाली झिजतात. पंखांवरून ओघळलेले ग्लायकॉलही ओढ्यात गेल्यास पाण्यातील प्राणवायू शोषून घेते, म्हणून ते गोळा करून त्यावर प्रक्रिया करावी लागते. चाकाखाली पकड हवी तर ब्रेकला आणि नदीला तोशीस, असा हा व्यवहार असून तो दर हिवाळ्यास नव्याने तोलावा लागतो.

भुसभुशीत हिम आणि कठीण बर्फ यांखेरीज आणखी एक अवस्था, विशेषतः उड्डाणाच्या वेळी, वैमानिकांना फार घातक वाटते. अर्धवट वितळलेला, पाण्याने जड झालेला बर्फाचा चिखल ही ती अवस्था होय. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमानतळावरून मँचेस्टर युनायटेड या संघाच्या फुटबॉलपटूंना घेऊन निघालेले विमान तिसऱ्या प्रयत्नातही उडू शकले नाही, धावपट्टीच्या पलीकडील कुंपण मोडून घरावर आदळले आणि २३ माणसे दगावली. जर्मन चौकशीने पंखांवरचे बर्फ हे कारण ठरवून कप्तान जेम्स थेन यांना दोषी धरले. वस्तुतः धावपट्टीच्या शेवटच्या भागात चिखल साचला होता, आणि वाढत चाललेला वेग त्या चिखलात शिरताच उलट घटू लागला होता. चाकांपुढे लोटला जाणारा चिखल विमानाला किती प्रचंड विरोध करतो याचे ज्ञान त्या काळी फार अपुरे होते. पुढे प्रयोग झाले, आणि १९६९ साली ब्रिटिश चौकशीने थेन यांच्यावरील ठपका काढून टाकला. अकरा वर्षे त्या मनुष्याने हा आरोप वागविला, आणि तो वागविण्याचे कारण एवढेच की, धावपट्टीवर काय साचले आहे, किती जाडीचे साचले आहे आणि कोणत्या भागात साचले आहे, याची नोंद ठेवण्याची रीत तेव्हा प्रस्थापित झालेली नव्हती.

ही रीत बसण्यास आणखी बराच काळ आणि आणखी अपघात लागले. ८ डिसेंबर २००५ रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर हिमात उतरलेले विमान थांबू न शकल्यामुळे कुंपण ओलांडून रस्त्यावर गेले आणि एका मोटारीतले सहा वर्षांचे मूल मरण पावले. त्यानंतर अमेरिकेत तज्ज्ञांनी बसून एक कोष्टक सिद्ध केले, आणि त्याच विचाराच्या आधारे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने तयार केलेली पद्धती ४ नोव्हेंबर २०२१ पासून जगभर अमलात आली. भारतानेही ती स्वीकारलेली आहे. या पद्धतीत धावपट्टीचे लांबीच्या दिशेने तीन समान भाग कल्पून प्रत्येक भागाला ६ पासून ० पर्यंत एक अंक द्यावयाचा असतो. कोरडी धावपट्टी म्हणजे ६. नुसती ओली, म्हणजे ज्यावर पाण्याची खोली ३ मिलिमीटरांपर्यंतच आहे ती, ५. उणे १५ अंश किंवा त्याहून थंड हवेत घट्ट दाबले गेलेले हिम असेल तर ४. तेच हिम त्याहून कमी थंडीत असेल तर ३. बर्फाला १ आणि ओल्या बर्फाला ० मिळतो. आणि ३ मिलिमीटरांहून अधिक खोल साचलेल्या पाण्याला, बर्फाच्या चिखलाच्याच पंक्तीला बसवून, २ हा अंक दिलेला आहे. म्हणजे सायबेरियातील गोठलेल्या, दाबलेल्या हिमावर उतरणाऱ्या वैमानिकाला जेवढी पकड मिळण्याची आशा करता येते, तेवढी आषाढाच्या सरीत पाणी तुंबलेल्या कोकणातील धावपट्टीवर उतरणाऱ्याला करता येत नाही! हिमाची वार्ता देण्यासाठी मुळात जो सूचनेचा नमुना ठरविला गेला, त्यातच साचलेल्या पाण्याचीही वर्दी देण्याची तरतूद या पद्धतीने केली आहे, ती याच न्यायाने.

पाणी एवढे निसरडे का व्हावे? सावकाश फिरणारे चाक आपल्याखालचे पाणी दोन्ही बाजूंस ढकलून फरसबंदीला टेकते. परंतु वेग वाढत गेला की पाण्याला बाजूला होण्यास अवकाश मिळत नाही, ते चाकापुढे पाचरीसारखे साचते आणि अखेर चाकाला उचलून धरते. मग टायर पाण्यावर तरंगत जाते आणि ब्रेक दाबले तरी त्याचा परिणाम होत नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेत १९६० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांतून असा नियम निघाला की, टायरमधील हवेच्या दाबाचे, पौंड प्रति चौरस इंच या मापात, वर्गमूळ काढून त्यास ९ ने गुणिले असता ज्या वेगाला फिरते चाक तरंगू लागते तो वेग, नॉटमध्ये, मिळतो. मोठ्या प्रवासी विमानाच्या टायरमधील दाब २०० धरला तर हा वेग १२७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २३५ किलोमीटर येतो, आणि अशी विमाने याच्या आगेमागेच्या किंवा याहूनही अधिक वेगाने जमिनीस टेकतात. याखेरीज दुसरा एक प्रकार याहून फसवा आहे. विमाने जेथे टेकतात तेथे दर वेळी टायरचे रबर घासून फरसबंदीवर चिकटते, आणि काही महिन्यांत तिची खरखर त्या रबराखाली बुजून जाते; मग शेवाळलेल्या पायरीप्रमाणे तेथे पाण्याचा नुसता ओलावाही चाकाला पुरेसा निसरडा होतो, आणि यासाठी फार वेगाचीही गरज लागत नाही.

या दोन्हींवरचे उपाय पावसाच्या आधी करावयाचे असतात, आणि हाच हिम व पाऊस यांच्या व्यवस्थेतला मोठा भेद आहे. हिम पडल्यावर काढता येते. पाणी पडल्यावर काढता येत नाही, ते आपण होऊन वाहून जाईल अशी रचना अगोदर करून ठेवावी लागते. दहा सेंटिमीटर हिमाचे जे २,२०० टन आपण मघाशी मोजले, तेवढेच वजन एक सेंटिमीटर पावसाचे होते, आणि रायगड जिल्ह्यात जुलैमध्ये एक सेंटिमीटर पाऊस पडावयास पाव तासही लागतो असे नाही. म्हणून धावपट्टीला मध्यभागातून दोन्ही कडांकडे दीड टक्क्यापर्यंत उतार देतात. साठ मीटर रुंदीच्या धावपट्टीत तो कडेला फार तर ४५ सेंटिमीटर भरतो, आणि प्रवाशाच्या डोळ्यांना तो दिसतही नाही. पुष्कळ ठिकाणी फरसबंदीत आडव्या, सहा-सहा मिलिमीटर खोल व रुंद अशा खाचा पाडतात, ज्यांतून चाकाखाली दबलेल्या पाण्याला सुटकेची वाट मिळते. रबराचे थर पाण्याच्या उच्च दाबाच्या फवाऱ्याने खरवडून काढतात, आणि मग पृष्ठावर पाणी सोडीत धावणाऱ्या, स्वतंत्र मोजणीचे चाक असलेल्या गाडीने घर्षण मोजून त्याची दप्तरी नोंद होते. मुंबईच्या विमानतळावर, जेथे दिवसाला नऊशेहून अधिक विमाने ये-जा करतात, दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळा ओसरल्यावर दोन्ही धावपट्ट्या काही तास संपूर्ण बंद ठेवून ही कामे उरकतात. ८ मे २०२५ रोजी सकाळी ११ पासून सायंकाळी ५ पर्यंत अशीच बंदी होती. प्रवाशांकडून या बंदीविरुद्ध कुरकुर ऐकू येते, ती व्यर्थ होय. ज्या महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण पुरे होण्याची वाट पाहण्यात या भागातल्या एका पिढीचे तारुण्य गेले, त्यावरून जाणाऱ्याने तरी, सहा तासांत काम आटोपून मार्ग पुन्हा खुला करणाऱ्यांना दोष देऊ नये.

एवढी दक्षता घेऊनही पाऊस आपला अंमल गाजवितो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरच त्या हिशेबाने सुमारे दोन लाख टन पाणी कोसळले, आणि ज्या मिठी नदीत ते जावयाचे ती नदी, जी विमानतळाच्या खालून काढून दिलेली आहे, स्वतःच फुगलेली होती. विमानतळ तीस तासांहून अधिक बंद राहिला. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात जयपूरहून आलेले विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे जाऊन चिखलात रुतले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही, परंतु ते जड धूड तेथून हलवीपर्यंत मुख्य धावपट्टी काही दिवस वापरता आली नाही आणि सारा भार दुसऱ्या, आखूड धावपट्टीवर पडला. २१ जुलै २०२५ रोजी कोचीहून आलेले विमान अशाच पावसात उतरताना धावपट्टीच्या कडेबाहेर गेले, तेही प्राणहानी न होता.

नवी मुंबईच्या बाबतीत हा प्रश्न मुळापासूनच मनात धरावा लागला, कारण तेथे मुळात खाजण होते. उलवे टेकडी कापून तिच्या दगडाचा भराव घातला, उलवे नदीचा ओघ वळविला, आणि भरती-ओहोटीच्या पाण्याच्या वर जमीन उचलून मग तिच्यावर फरसबंदी घातली. या धावपट्टीने प्रवासी विमाने घेत काढावयाचा पहिला पावसाळा २०२६ सालचा. पेण-रोह्याच्या शेतकऱ्याला खारबंदिस्तीचा अनुभव पिढीजात असल्यामुळे, समुद्राचे पाणी बाहेर रोखणे आणि आकाशाचे पाणी आतून बाहेर काढणे ही दोन कामे एकाच बांधाकडून करवून घेणे किती अवघड असते, हे त्यास कोणी शिकवावयास नको.

राहिला प्रश्न प्रत्यक्ष अंक देण्याचा. पाऊस जोरात असता विमानतळाच्या कार्यचालन विभागाचा एक अधिकारी नियंत्रण मनोऱ्याची परवानगी घेऊन, दोन विमानांच्या मधल्या अवकाशात, जीप घेऊन धावपट्टीवर जातो, प्रत्येक तृतीयांश भागात पाण्याची खोली आणि व्याप्ती पाहतो, आणि ५/५/२ असे काहीसे तीन अंक कळवितो. आमच्या मते त्याचे काम ओस्लोतल्या त्याच्या सहकाऱ्यापेक्षा कठीण आहे, कारण हिम मोजून होईपर्यंत जागेवर राहते, पण पाऊस मात्र जीप धावपट्टीबाहेर पडण्यापूर्वीच खोली बदलून टाकतो. तीन मिलिमीटर म्हणजे ओले, चार म्हणजे तुंबलेले. आणि या एका मिलिमीटरावरून अंक ५ चा २ होतो, उतरण्यास लागणारे अंतर वाढते, व पूर्ण भरलेल्या विमानाला कदाचित अहमदाबाद किंवा गोवा गाठावे लागते. म्हणून या मोजणीला एक उलटतपासणी जोडून दिलेली आहे: उतरलेला प्रत्येक वैमानिक ब्रेकची पकड अपेक्षेहून कमी मिळाली असल्यास तसे मनोऱ्याला सांगतो, त्यावरून अंक खाली आणता येतो, आणि पकड वाईटाहूनही वाईट होती असे त्याने कळविले, तर पुढचे विमान कितीही जवळ आलेले असो, अवस्था सुधारल्याची खात्री होईपर्यंत ती धावपट्टी बंद करण्यात येते.